हातचा

नेटवर्क मिळतं ते धक्क्याच्या टोकाला,
आणि तेही भरतीच्या वेळी.
भरतीचा आणि नेटवर्कचा काही संबंध नसतो,
असं चिलोएच्या कचेरीतला माणूस सांगून गेला.
तो पुन्हा आला नाही.
आम्ही आपले भरती बघतो.

लॅपटॉप लोकरीच्या शालीत, शाल प्लास्टिकमध्ये,
मी समुद्राकडे पाठ करून उभी.
तेवीस टक्के. चोवीस.
नोल्बेर्तोचा धडा उतरतोय
समोरच्या बेटावरून, जिथली चिमणी मला इथून दिसते.
ओरडले असते तर लवकर पोचलं असतं कदाचित.

पाच बेटं, पाच शाळा, शाळेमागे एक शिक्षक.
मधल्या सुट्टीत बोलायचं कुणाशी?
चुलीशी.
म्हणून आम्ही एकमेकांना फायली पाठवतो.

पहिली एदुविहिसबाईंची.
फोन बरणीला टेकवून काढलेली, त्यामुळे थोडी तिरकी.
मेणकापडाचं टेबल, बाईंचे हात,
शिंपले एकेक करून मांडलेले.
दहा झाले की टोपलीत. टोपली म्हणजे एक.
सात आणि पाच बारा,
बाराचे दोन खाली –
इथे कुत्रा भुंकतो.
"गप रे, कापितान." आणि त्याच आवाजात,
"हातचा एक."

नोल्बेर्तोने खाली अक्षरं घातली,
त्याच्या लिसांद्रोला ऐकू येत नाही म्हणून.
कुत्र्याचंही लिहिलंय त्याने, कंसात: भुंकतो.
येसिकाने शिंपल्यांचा खेळ केला, बोट लावलं की टक्क वाजतात.
रोसाल्बाने शुद्धलेखन सुधारलं, कुणी सांगितलं नसताना.
मी काय केलं? वजन उतरवलं.
तीनशेची फाइल चाळीसवर आणली,
धक्क्यावर उभं राहून पाय गोठण्याआधी उतरावी इतपत.
नाव तेवढं वाढत गेलं:
बेरीज_एदुविहिस_नवी_नवी२_हीच_घ्या.

मार्चमध्ये बाईंची शाळा मिटली.
शेवटचा मुलगा, आमारो, आईबरोबर शहरात गेला.
एका मुलासाठी चूल पेटवत होत्या त्या दोन वर्षं.
जाताना बाईंनी हातचं काही राखलं नाही:
नकाशे रोसाल्बाला, घंटा येसिकाला,
शिंपल्यांची टोपली माझ्या नावेत.
त्या आता मुलीकडे, चौथ्या मजल्यावर.
तिथे कुत्रे चालत नाहीत.
कापितान नावाड्याकडे असतो, म्हातारा झालाय,
भुंकत नाही फारसा.

कचेरीने यंदा तयार धडे दिलेत. चांगले आहेत.
संगीत आहे, सरळ टेबल आहे,
कुठल्याशा स्वच्छ खोलीतले स्वच्छ हात.
मी दाखवला एकदा.
बाराचे दोन खाली, आणि माझी सहाही मुलं
थांबली. वाट बघत.
धडा पुढे निघून गेला.
मिलिसेन म्हणाली, "बाई, हा बिघडलाय."

पाचांपैकी कुणीच ते भुंकणं कापलं नाही.
बैठकीत विषयही निघाला नाही कधी.
नोल्बेर्तोने आवाज साफ केला तेव्हा
चुलीचं झाकण गेलं, वारा गेला,
कुत्रा राहिला.

काल चाचणी घेतली.
सत्तावीस अधिक पंधरा.
मिलिसेनच्या कागदावर दशकाच्या डोक्यावर,
जिथे छोटासा एक मांडायचा,
तिथे चार पाय, एक शेपटी, उघडं तोंड.
खाली उत्तर: बेचाळीस.

बरोबरची खूण केली.
फोटो काढला.
आज मंगळवार, भरती चारनंतर.
बाईंना पाठवतेय.
एकोणसाठ टक्के.
साठ.