सात वाजताची किटली

दुकानात परवा पुन्हा तोच विषय निघाला:
ही ऐकणारी, बघणारी, आपणहून पेटणारी यंत्रं
घरात आणावीत का, पैसे वसूल होतात का.
मी म्हटलं, मला विचारू नका,
मी आउनेचा शेजारी आहे.

मागच्या पानगळीत तिची लेक आली, सायला,
तुर्कूहून, बाराशे किलोमीटर गाडी हाकत.
खोकी भरून आणलं सगळं:
दारावर डोळा, भिंतीला कान,
कुणी पडलं की ओरडणारी पट्टी,
अंगणात दिवा,
आणि एक किटली, जी उकळली की
तुर्कूत फोनवर हिरवा ठिपका उमटतो.

आउने एवढंच म्हणाली, नाकापेक्षा मोती जड.
लेकीची गाडी वळणाआड गेली
तसा तिने दारावरच्या डोळ्याला लोकरी मोजा चढवला,
कान फडताळात पिठाच्या डब्यामागे सारला.
पट्टी सायलानेच बंद केली,
कुत्रा आडवा झाला की दर वेळी आई पडायची.

उरली किटली.
कॉफी तर आउने चुलीवरच करते,
काळ्या भांड्यात, पूड तळाला बसेतो थांबून.
तरी रोज सकाळी सातला
किटलीत पेलाभर पाणी, कळ, खळखळ,
आणि त्या पाण्याने रात्रीची भांडी विसळते.
"तिला वाटतं मी चहा पिते.
वाटू दे."

जानेवारी लागला, अजून सूर्याचा पत्ता नव्हता.
सरोवरापलीकडे भावाकडे निघाली ती,
बर्फाखालची जाळी ओढायला, तीन दिवस, कुत्र्यासकट.
किल्ली माझ्या हातात. "सातला, ओउला. विसरू नकोस."
लेकीला सरळ सांग ना, म्हटलं.
"सांगितलं तर बर्फाची काळजी करेल,
भावाच्या खटारा स्नोमोबाइलची, माझ्या गुडघ्याची.
ठिपका दिसला की काही विचारत नाही."

यात खोटं कोण बोललं, सांगा.
यंत्र नाही. ते बिचारं म्हणतं, पाणी उकळलं.
कुणी उकळलं
हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.

दोन दिवस दाबली कळ, इमानाने.
तिसऱ्या दिवशी डोळा लागला.
उजाडतच नाही तिथे जाग कशाने यावी?
नऊला उठलो, डावा बूट उजव्या पायात,
धावलो,
तर अंगणातला दिवा पेटलेला.
बघतोय तोवर विझला.
पेटला. विझला. पेटला.
बाराशे किलोमीटरवरून कुणीतरी
दार ठोठावत होतं.

पाणी ओतलं, अर्धं ओट्यावर. कळ दाबली.
एवढं सावकाश उकळलेलं पाणी
मी जन्मात पाहिलं नव्हतं.
कळ टक्कन वर आली,
आणि बाहेर दिवा थांबला,
पेटलेलाच थांबला.

संध्याकाळी आउने परतली. सगळं सांगितलं,
शिव्या खायच्या तयारीने.
ती म्हणाली, "दिवा?
तो तर रोज रात्री दहाला दोनदा मिचकतो.
मला वाटलं, तार सैल आहे.
वायरमनला निरोप धाडणार होते."
मग बोललीच नाही.
माशांची पोटं फाडत बसली,
एकेक, गरज होती त्याहून हळू.

त्या रात्री मी खिडकीत थांबलो.
दहाला दिवा दोनदा मिचकला.
थोड्या वेळाने तिच्या स्वयंपाकघरात,
भलत्या वेळी,
काचेवर वाफ धरली.

पैसे वसूल झाले का, तो हिशेब माझ्याकडे नाही.
मला चार पांढरे मासे मिळाले.
सायलाला काय सांगितलं, सांगितलं का,
मी विचारलं नाही.
दारावरच्या डोळ्यावरचा मोजा
अजून तसाच आहे.
परवा पाहिलं, टाचेला रफू केलंय.