अठ्ठावीस वळसे

काल दुपारी मी तीळ निवडत बसले होते.
यंदा खडे फार.
पोवळ्याच्या दगडांच्या कुंपणावरून ते आलं,
कसलीच घाई नसल्यासारखं:
चारदा पंख हलवायचे,
मग नुसतं वाऱ्याला टेकून राहायचं.
भिंतीच्या फटीत उगवलेल्या पांढऱ्या फुलांवर बसलं.
त्या फुलांना आमच्या बेटावर नाव नाही.
बकऱ्या खात नाहीत, एवढंच ठाऊक.

पंखाचा निळसर, काचेसारखा भाग,
आणि त्यावर काळ्या शाईत
कुणीतरी लिहिलेलं:
चोवीस ऑगस्ट. तीनशे सतरा. हि.

शाळेतल्या कुरेहाबाईंनी कुठूनसा नंबर मिळवून दिला.
पलीकडे एक म्हातारा, कानाने जड,
फुकुशिमाच्या डोंगरात स्की-लिफ्टला तेलपाणी करणारा.
हिरागा.
उन्हाळ्यात बर्फ नसतो, म्हणाला, काम नसतं,
मग गळ्यातला पांढरा टॉवेल काढून
डोक्यावर गरगर फिरवतो,
आणि ती खाली येतात.
का येतात?
ते त्यांना विचारा.

मी कॅलेंडरमागच्या नकाशावर पट्टी ठेवली होती.
चौदाशे किलोमीटर, म्हटलं. सरळ रेषेत.
सरळ कोण जातं, म्हणाला,
हसला, आणि हसण्याचा खोकला झाला.
छप्पन्न दिवस. दिवसाला पंचवीस.
पंचवीस म्हणजे केवढे, ते मला असं कळेना.
मग आठवलं, आमच्या बेटाचा सगळा वळसा पन्नासचा.
म्हणजे रोज अर्धं बेट.
म्हणजे अठ्ठावीस वळसे.
स्कूटरवर मी याहून कितीतरी जास्त घातलेत,
पण दर वेळी त्याच दारात उतरले.

अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही, तो म्हणाला.
मी सुपातले तीळ तळहातावर घेतले.
शंभर, फार तर दीडशे.
हसले असते तरी उडाले असते.

मग त्याने विचारलं,
समुद्रावर रात्र झाली की ते कुठे झोपतं?
माझा नवरा चाळीस वर्षं त्या पाण्यावर जात होता.
त्यालाही मी हे कधी विचारलं नव्हतं.

पंख फाटलाय?
उजवा. कोपऱ्यात.
आणि शाई?
ठसठशीत, म्हटलं. सगळं वाचता येतं.
तो बराच वेळ गप्प.
माझं अक्षर वाईट आहे, म्हणाला.
बायको म्हणायची.

दुसरा पंख कोरा होता.
आपलं गाव, आपली तारीख लिहून सोडतात म्हणे लोक.
घरात पेन होतं ते पोत्यांवर नावं घालायचं,
अंगठ्याएवढ्या टोकाचं;
त्याचा एक ठिपका काढला असता
तर अख्खा पंख भरला असता.
तसंच सोडलं.
कुंपणापर्यंत खाली गेलं, मग उसावरून वर,
दक्षिणेला,
जिकडची बेटं मला फेरीच्या वेळापत्रकातून माहीत आहेत
आणि त्यांच्यापुढे वेळापत्रकच नाही.

बोटांवर थोडी पूड राहिली, राखेसारखी.
रात्री तांदूळ धुताना गेली असावी.

आज सकाळी फोन वाजला. हिरागा.
निघालं का?
कालच.
पाऊस?
नाही.
बरं, म्हणाला, पण फोन ठेवेना.
मीही ठेवला नाही.
इकडे पहाटे दहिवर गोठलं, म्हणाला.
मी म्हटलं, आमच्याकडे अजून
पंखा लावावा लागतो.