एक मिनिट शांतता, टेक तिसरा

रात्री एक ते साडेचार.
तेवढाच वेळ तिसऱ्या रुळातली वीज झोपते
आणि त्बिलिसीची मेट्रो आमची होते,
नुगझारच्या मामाच्या ओळखीवर
आणि दोन कॅन घरच्या वाइनवर.

सिनेमाचं नाव रोज बदलायचं.
भूत मात्र ठरलेलं:
बोगदा खणताना आतच राहिलेली बाई.
बायका खणत होत्या का, कुणी विचारलं नाही.
नुगझारकडे एक पांढरा गाऊन होता, बस.

रक्त म्हणून लाल आलुबुखारची आंबट चटणी.
पहिल्या टेकला ठीक,
चौथ्यापर्यंत हीरो स्वतःचंच मनगट चाटू लागला.
उंदीर परवडले नाहीत,
म्हणून लेवानच्या बहिणीचा हॅमस्टर,
बुटाच्या पॉलिशने काळा केलेला.
त्याने हीरोच्या अंगावर धावून जायचं होतं.
तो रुळावर बसून
निवांत तोंड पुसत राहिला.

पाचव्या रात्री भूत आलंच नाही.
भुताला बाटुमीत हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी लागली होती,
दातांच्या विम्यासकट.

तेव्हा नुगझारने
सरकत्या जिन्याच्या तळाशी
काचेच्या पेटीत बसलेल्या मकवालाकडे पाहिलं.
एकतीस वर्षं ती तिथेच.
वरून उतरणारी माणसं बघायची,
कुणी पडलं तर लाल बटण दाबायचं.
आमच्यावर नजर ठेवायला रात्रपाळी दिली होती तिला.

तिने चष्मा काढून खिशात ठेवला,
गाऊन युनिफॉर्मवरच चढवला.
"कुठून यायचं?"
"अंधारातून."
"अंधार दोन्हीकडे आहे, पोरा."

किंचाळायला सांगितलं तर म्हणाली,
इथे ओरडायला मनाई आहे,
पाटी मीच पुसते रोज.
मग ती नुसती चालत आली,
सपाट पावलांनी, बाजाराहून परतल्यासारखी,
वीज नसलेल्या रुळालाही वळसा घालून.
कॅमेऱ्यामागे एका पुटपुटली, देवा.
नुगझार कट म्हणायला विसरला.

मी आवाजवाला.
प्रत्येक जागेची आपली एक शांतता असते,
ती वेगळी भरून घ्यावी लागते,
नंतर संवादांच्या फटी लिंपायला.
"एक मिनिट कुणी हलू नका."
पहिला टेक हॅमस्टरने घालवला,
दुसरा लेवानच्या पोटाने.
तिसरा चांगला गेला.

सिनेमा जानेवारीत लागला, एका शाळेच्या हॉलमध्ये.
अकरा माणसं. त्यातली दोन हीटरसाठी.
हॅमस्टरला सगळे हसले,
हीरोच्या आईने टाळ्या वाजवल्या.
मकवाला आली नाही, तिची दिवसपाळी होती.

घरी हेडफोन लावून मी ती शांतता पुन्हा ऐकली.
कुठेतरी पाणी.
खूप वर, रस्त्यावर, एखादा ट्रक.
आणि श्वास.
शिट्टी वाजते ते नुगझारचं नाक.
सिगारेटी तो लेवान. हीरो दमलेला. एका, हलकी.
आणि माईकच्या अगदी जवळ, मी.
पाच.
आम्ही सहा जण होतो.
पुन्हा ऐकलं. पाच.
दिवा लावला, मग ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जिना उतरलो.
तीन मिनिटं लागतात खाली यायला,
ती तिन्ही मिनिटं ती माझ्याकडे बघत होती,
काम म्हणून.

विचारलं, तर म्हणाली:
"रात्री गाड्या कुठे असतात?
गाडी येते ना, तेव्हा बोगदा हवा पुढे ढकलतो,
तेवढ्यात घ्यायचा.
मधल्या वेळात इथे घेण्यासारखं काही नसतं."
हसली की नाही, कळलं नाही,
काचेवर माझंच तोंड होतं.

पेटीचं दार अर्धं उघडं.
आत थर्मास, विणायला घेतलेला एक मोजा,
आणि खिळ्याला तो गाऊन, धुऊन, इस्त्री करून.

फलाटाकडून आधी वारा आला, मग आवाज.
तिच्या कपाळावरचे केस हलले.
मी मोजू लागलो.