रफार

दिवसा मी उद्यमनगरात
लोखंड कापणाऱ्या यंत्राला आकडे भरवते.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब,
चुकलं तर जॉब भंगारात.
रात्री साडेदहाला भांडी पालथी पडली
की फुकटचं काम.

जुन्या फॉन्टांत अडकलेली मराठी
युनिकोडात आणून सोडायची.
बाबांच्या सोसायटीचा अहवाल उघडेना
म्हणून आठ वर्षांपूर्वी एका रविवारी लिहिलेलं,
आणि दार उघडंच ठेवलं. घ्या, वापरा, बदला.
तळाशी एक ओळ होती, कसलीही हमी नाही.
तेवढी सोडून सगळं वाचलं लोकांनी.

"रफार पडतोय."
"अजून पडतोय."
"आशीर्वादाचा आशीवाद झाला, पाचशे पत्रिका रद्दीत,
भरून कोण देणार?"
"जिवंत हाय का कोण आत?"
हा शेवटचा दर मंगळवारी, चौगुले ऑफसेट.
एकदा उत्तर लिहिलं होतं, पैसे परत घेऊन जा.
पाठवलं नाही.

जुन्या फॉन्टात रफार सगळ्यांच्या नंतर येतो,
नव्यात तो आधी हवा.
म्हणजे डोक्यावर बसलेल्याला अलगद उचलून
रांगेत मागून पुढं न्यायचं,
कुणाच्या पायावर पाय न देता.
काना-वेलांटी आडवी आली की मी अडखळते.
ठाऊक आहे मला.
पण ठाऊक असणं राहतं मंगळवार पेठेत,
वेळ असणं शनिवारात,
दोघांची गाठ पडत नाही.

माघात भाचीचं लग्न ठरलं.
पत्रिका छापायला भावजीनं शुक्रवारात पाठवलं,
पाटी वाचून पायरीवरच थबकले.
सर्जेराव चौगुले, चष्मा कपाळावर,
"या की ताई, बसा."
पडद्यावर माझंच ते हिरवं बटण.
"ह्ये बघा, फुकटचं असलं असतंय.
करणारा कुठं तरी अमेरिकेत एसीत झोपलाय."
मी नखांकडं बघितलं,
कूलंटचा वास साबणानं जात नाही.

त्यांच्या पाठीमागं
गेल्या वर्षीच्या कॅलेंडराची कोरी बाजू,
तिच्यावर बॉलपेननं दोनशेच्या वर शब्द.
पार्वती टिकते, दुर्गा पडते.
धर्म टिकतो, कीर्ती पडते.
"आणि मूर्तीचं काय हुतंय
ते तुमच्यापुढं सांगाय नको.
देवळाचं पत्रक हुतं, ट्रस्टी मारायलाच आलं."
टिकलेल्यांवर निळी खूण, पडलेल्यांवर लाल.
आठ वर्षांत इतकी नीट तक्रार
कुणी केली नव्हती माझ्याकडं,
आणि ती भिंतीवर होती.

"हे कधी लिहिता?"
"रातीला. पोरं झोपली की एकेक शब्द हातानं दुरुस्त करायचा.
ह्येचं कोण पैसं देतंय?"

फोटो काढू का, विचारलं.
"काढा की. काय करणार पण?"
"शब्द चांगले आहेत."
ते हसले, चहा सांगितला.
दर जरा कमी करा म्हटल्यावर मात्र
चष्मा कपाळावरून नाकावर आला.
"कामाचा दाम हाय ताई."
दिला. पूर्ण.

त्या रात्री पावणेदोनपर्यंत.
सगळ्या मिळून सतरा ओळी.
दुर्गा उभी राहिली, मग कीर्ती,
मूर्ती मूर्तीच राहिली.
बदलांच्या नोंदीत लिहिलं,
रफार काना-वेलांटीवरून नेला.
शब्दयादी: एका छापखान्याची भिंत.

मंगळवारी चौगुले ऑफसेट.
"झालं एकदाचं. एवढा येळ लागतोय व्हय?
आता अनुस्वाराचं बघा."

आजवर मी सगळ्यांना लिहायचे, नोंद घेतली.
त्यात माणूस कोण ते कळत नाही.
या खेपेला लिहिलं, बघते.
शेवटच्या अक्षरावर बोट जरा थांबलं,
मग पुढं आणखी एक शब्द जोडून पाठवलं.

बघते. रविवारी.