आतली कडी

बल्त्समध्ये, अक्रोडांच्या रस्त्यावर
फाटकाला नाव नसलेलं एक घर आहे.
तिथून झिनाईदाबाईंचा फोन आला:
सात खोल्या, सात कड्या. आतल्या बाजूनं.
मी विचारलं, आणि बाहेरच्या?
उपटून टाका, म्हणाल्या.
भोकांत लांबी भरा, वरून रंग द्या.
कडी होती, हे दारालाही आठवायला नको.

चाळीस वर्षं कुलपं करतोय मी.
कुलूप चोराला बाहेर ठेवतं, बाप सांगायचा.
माणसाला आत ठेवायलाही ते तितकंच चोख चालतं,
हे त्यानं सांगितलं नाही,
आणि मी विचारलं नाही.

कामाआधी बाईंनी मला बाकावर बसवलं.
शीळ घालायची नाही.
चौकटीत उभं राहायचं नाही.
ड्रिल लावण्याआधी मोठ्यानं सांगायचं,
आणि कुणी ‘थांबा’ म्हटलं तर थांबायचं,
कारण विचारायचं नाही.
मी मान डोलावली. जन्मभर मी चौकटीतच उभा राहत आलोय.

तिसऱ्या खोलीची दोम्निका.
वय एकोणीस असेल; जास्तही, कमीही.
पॅसेजच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून
ती माझे हात बघत होती. चेहरा नाही, हात.
मी स्क्रू फिरवला, लांब सरकलो.
ती आली. कडी लावली. काढली. लावली.
मी मोजत नव्हतो,
तरी चाळीसच्या पुढे आकडा मला ठाऊक होता.

मग दाराआडून आवाज:
ही बाहेरून उघडते का?

नाही म्हणालो असतो तर काम संपलं असतं.
पण कडीला बाहेरून एक बारीक खाच होती,
आग लागली, कुणी बेशुद्ध पडलं, तर.
पन्नास बानींचं नाणं घालून फिरवायची.
मी खरं ते सांगितलं.
आत बराच वेळ काही हललं नाही.
नाणं कुणाकडे?

त्यावर दोघींची घासाघीस झाली, दार मध्ये ठेवून.
बाईंकडे. आधी तीन टकटका, मग नाव सांगायचं,
मग वाट बघायची.
किती वेळ?
वीस मोजेपर्यंत.
साठ.
धूर असेल तर?
धूर असेल तर वीस. नसेल तर साठ.
बाई म्हणाल्या, कबूल.
मी आयुष्यात बाजार पुष्कळ पाहिले;
हरणाऱ्याच्या बाजूनं इतका बरा सौदा
पाहिला नव्हता.

निघताना माझा पाय निघेना.
स्टेशनमागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
एका दाराला मी एकदा बाहेरून दोन बोल्ट बसवले होते.
रोख पैसे. वर सिगारेटचं पाकीट.
आत कुणीतरी खोकलं होतं.
मी हत्यारं गोळा केली होती.

झिनाईदाबाईंना ते सांगितलं.
त्यांनी चहा पुढे केला नाही, हाकललंही नाही.
म्हणाल्या, हे ओझं इथल्या पोरींपुढे उतरवू नका.
त्यांच्याकडे आपलंच पुरेसं आहे.
सरकारी वकिलाकडे जा. पत्ता द्या, मजला द्या,
तो माणूस आठवतो तेवढा द्या.
गेलो. सही केली.
अजून कुणाचा फोन नाही. फोन आला की उचलायला
हातात असतील ती कामं टाकून जातो.

जानेवारीत पुन्हा बोलावणं:
तीन नंबरची कडी सैल झालीय.
सैल होणारच, दिवसातून शंभरदा लावल्यावर.
लांब स्क्रू घेऊन गेलो.
दोम्निकानं हात पुढे केला.
मी स्क्रूड्रायव्हर तिच्याकडे मुठीच्या बाजूनं धरला,
आणि चौकटीपासून दूर झालो.

चारांतला एक स्क्रू तिरका गेला.
तिला दिसलं. मलाही.
तो काढून पुन्हा मारावा, असं हात म्हणत होते.
राहू दे, ती म्हणाली, घट्ट बसलाय ना?

घट्ट बसला होता.

दार लागलं. मागे कडीचा आवाज.
मी बर्फात उभा राहिलो, अंमळ जास्तच.
काढल्याचा आवाज आला नाही.
मग भाजलेल्या भोपळ्याचा वास आला,
आणि आतल्या आत कुणीतरी
बेसूर, अर्धवट काहीतरी गुणगुणत
खुर्ची सरकवली.