अजून कच्ची

डबा देवदाराचा. झाकणात काट्याचं एक छोटं घड्याळ,
ते वेळ नाही, ओल सांगतं: पासष्ट.
हार्टफर्डच्या जानेवारीत माझे ओठ फुटतात,
रात्री नाकातून रक्त येतं,
पण डब्यातली पाण्याची वाटी मी सुकू देत नाही.
हेमलता म्हणते, कढीपत्त्याला कधी
इतक्या आठवणीने घातलंस का रे?

एकतीस वर्षं विमा कंपनीत मरणाची कोष्टकं मांडली.
पुरुष, छप्पन्न, मधुमेह, धूम्रपान: होय.
उरलेली वर्षं, दशांश चिन्हापुढे दोन घरं.
स्वतःची ओळ कधी काढून पाहिली नाही
असं मी सगळ्यांना सांगतो.
पाहिली. दोनदा.

चौदा वर्षांपूर्वी पेटी आणली, पंचवीस नग.
दुकानदार म्हणाला, दहा वर्षं हात लावू नका,
पानातला अमोनिया उडून जाऊ दे.
थांबणं मला जमतं.
फक्त दर दिवाळीला एक, चाचणीपुरती,
आणि वहीत नोंद:
घशाला लागते. अजून कच्ची.
बरी, पण शेवट कडू. अजून कच्ची.

त्याच पहिल्या हिवाळ्यात एक एलादिओला दिली.
तो शेजारी राहतो. चौदाव्या वर्षी पोर्तो रिकोहून
इथल्या तंबाखूवर आला होता,
विंडसरपलीकडे, आता जिथे कुरिअरवाल्यांची गोदामं आहेत तिथे,
मैलभर पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली
ढुंगणावर सरकत सरकत, खालची तीन पानं आधी.
चीक हातावर काळा बसायचा,
मग हिरवा टोमॅटो फोडून घासायचा.

म्हटलं, पाच वर्षं ठेव.
त्याने टोक दातांनी तोडलं, थुंकलं,
फावडं बर्फात रोवलं
आणि वाऱ्याकडे पाठ करून तिसऱ्या काडीला पेटवली.
"अरे!"
"हे पान माझ्यापर्यंत यायला तीन वर्षं थांबलंय," तो म्हणाला,
"आता मी कशाला थांबू?"
कशी आहे?
"तिखट."
धूर माझ्या अंगावर आला. डोळे चुरचुरले.
त्यात काहीतरी ओळखीचं होतं;
मी नाक पुसलं, थंडीवर ढकललं.

आज दिवाळी नाही, मंगळवार आहे.
गॅरेजमध्ये खुर्ची टाकून एक पेटवली.
मऊ. मधासारखी, जुन्या कपाटासारखी.
कुठे काही टोचत नाही.
अर्धी झाली तरी मी काहीतरी शोधतच होतो,
जीभ पडलेल्या दाताची जागा शोधते तसं.

निपाणीला दादा तंबाखूच्या वखारीत कारकून होते.
सायकल भिंतीला टेकायच्या आधी त्यांचा वास घरात यायचा,
झोंबरा, डोळ्यांत पाणी आणणारा.
आई म्हणायची, आधी हात धुवा, मग पोराला घ्या.
ते धुवायचे. राखेने, मग साबणाने.
जायचा नाही.
मी तळहाताला नाक लावायचो आणि शिंकायचो,
ते हसायचे, म्हणून पुन्हा लावायचो.

शुद्ध पाणी, गॅलनने विकत आणलेलं.
चौदा वर्षं, वाटी वाटी घालून
मी तेच काढत बसलो होतो.

वही उघडली. तारीख घातली.
घशाला लागत नाही.
पुढचे दोन शब्द दरवर्षी आपोआप यायचे.
पेन तिथेच अडलं.

नऊ उरल्या आहेत.
दार वर केलं. एलादिओच्या पायरीवर दिवा होता,
फावडं भिंतीला.
दोन खिशात टाकल्या.
काड्या त्याच्याकडे असतील.