पाचवा पाय

दिवाणी कोर्टाचे जुने निकाल बांधायला आले
की मी आधी झटकतो.
कसर पडते, कडुनिंबाचा चुरा,
गंजकी टाचणी, आणि कधीमधी
दोन बोटं रुंद, वीतभर लांब
रेशमाची पट्टी.

अशा अकरा झाल्या.
बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, लवंगा घालून.
वेरूळ पाहायला आलेल्या साहेबलोकांसाठी
औरंगाबादच्याच मागांवर विणलेल्या वाचनखुणा.
कुठे कैलास, कुठे दौलताबादचा मिनार,
एकीवर तर उतरायच्या हॉटेलाचं नावसुद्धा.
गाव विणलंय, साल विणलंय.
विणणारा कुठेच नाही.

बायको म्हणते, मेलेल्यांची हजेरी कशाला घेता?

घेतो खरा.
सराफाचं जुनं भिंग डोळ्याला लावून
बोटभर जागेत किती धागे, ते मोजतो.
पुढून सगळे सारखेच शहाणे,
माणूस सापडतो पाठीमागे.
हा प्रत्येक टोक कापून ठेवणारा,
याच्या घरी रेशीम तोलून येत असणार.
याची उजवी किनार आवळलेली, हा डावरा.
हा धागे लांबच लांब सोडून देतो, उधळ्या.
असे तीन हात वेगळे केले.
चौथा तो,
ज्याच्या कैलासातल्या हत्तीला पाच पाय.

पुन्हा मोजले. पाच.
पोटाखाली एक बारकासा, जमिनीला न टेकलेला.

जफर गेटला विचारलं. चहा मिळाला.
पैठणला गेलो. तिथल्या बाईनं पट्टी उलटी केली,
"आमचं दोन्हीकडून सारखंच असतं, दादा,
हे तुमच्याकडचं," म्हणाली,
आणि परत दिली,
चुकून आपल्या दारात आलेलं पोर
शेजारी पोचवावं तशी.

शेवटी नवाबपुऱ्यात, गिरणीच्या मागच्या खोलीत
जुलेखाबी. नव्वदीला आलेल्या.
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
पण पट्टी हातात देताच
अंगठा थेट त्या पोटाखाली जाऊन थांबला.

"हौ," म्हणाल्या, "ये पाँव मेरा है."

मग मराठीत, माझ्यासाठी सावकाश :
चाचा बशारतमियाँ खाली खड्ड्यात, मागावर.
मी वर फळीवर, जाल्याच्या दोऱ्या ओढायला.
तो सुरात सांगायचा, मी ओढायची.
आठ वर्षांची होते, पहिला रोजा होता,
दुपारी डोळा लागला.
पाय संपले तरी मी पायाचीच दोरी ओढत राहिले.
साहेबाची गाडी सकाळची. उसवणार कधी?
चाचानं मारलं नाही.
एक पैसा कापला मजुरीतला.
तो अजून येणं आहे.

मी चिठ्ठीवर लिहून घेतलं,
बशारतमियाँ. आणि खाली, जुलेखा.
"माझं कशाला?" म्हणाल्या, पण
स्पेलिंग विचारल्यासारखं पुन्हा एकदा
स्वतःचं नाव नीट, तोडून सांगितलं.

मग उरलेल्या दहा त्यांच्या मांडीवर ठेवल्या.
कंजुषाला त्यांनी बाजूला सारलं : नाही माहीत.
डावऱ्यावर जरा रेंगाळल्या : असेल कुणी खुलताबादकडचा.
उधळ्याची पट्टी उलटी केली,
ते मोकळे सुटलेले धागे बोटांवर घेतले
आणि हसायलाच लागल्या. पदर तोंडाशी.
"यानं घरही असंच चालवलं," म्हणाल्या.

मी पेन काढलं. नाव?

हसू थांबलं नाही, पण मान हलली.
"नाव कसं घेऊ? सत्तर वर्षांत कधी घेतलं नाही."

गिरणीचा पट्टा फटफटत होता.
मी सुनेला विचारू शकलो असतो,
दाराबाहेर नळावरच होती.
नाही विचारलं.

डब्यात आता दहा आहेत.
अकराव्याच्या जागी लवंग आणि चिठ्ठी :
रेशीम, निळं आणि मोतिया. मागे धागे मोकळे.
विणकर, जुलेखाबींचे मालक.